रिकाम्या शेडमध्ये वहिनीचा आवाज

भूतबीत मी मानत नाही. साउंड एडिटिंग करते ना... पंखा, ढिली वायर, कुणाचा मोबाइल — प्रत्येक आवाजाचं कारण सापडतंच. हे एक सोडून.

आम्ही ग्वाल्हेरचे. माझा दादा फिल्म बनवत होता — एका गवयाची. एक तान निर्दोष यावी म्हणून घरदार गमावणारा माणूस. बनवता बनवता दादाच तसा झाला. नोकरी सोडली, वहिनीशी धड बोलणंही बंद. शेवटचा सीन आम्ही बिरलानगरात एका बंद मिलच्या शेडमध्ये शूट केला. सेटवर बाई म्हणजे मी एकटीच. वहिनी त्या वेळी मुरारला, तिच्या शाळेत शिकवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी किला गेटजवळच्या आमच्या एडिटिंगच्या खोलीत तो टेक लावला. तान संपते, गवई डोळे मिटतो, शांतता... आणि अगदी माइकजवळून वहिनी —

"मी निघते. किल्ली शेजारी ठेवलीय."

दादाचा चेहरा पांढरा पडला. क्षणभरच.

"साफ कर ते. टेक बढ़िया आहे, दुबारा नहीं होगा."

"अरे, वहिनी आहे ही!"

"ऐकू येतंय मला. साफ कर."

मी वहिनीला फोन लावला. मागे स्टेशनची अनाउन्समेंट चाललेली.

"भोपाळला चाललेय, आईकडे," ती म्हणाली. "तुला कुणी सांगितलं?"

"किल्ली... शेजारी ठेवलीस?"

ती हळूच म्हणाली, "हे तुझ्या दादाला सांगायचं म्हणून किती दिवस मनात घोकत होते गं. तोंडातून एकदाही निघालं नाही."

मी फोन दादाच्या हातात कोंबला. स्टेशन काय लांब होतं? स्कूटर खालीच होती. तो नुसता "हां... हां" करत राहिला. नजर स्क्रीनवर. शेवटी म्हणाला, "शाम को बात करते हैं. आत्ता एडिटवर आहे."

गाडी गेली. टेकमधला वहिनीचा आवाज त्याने स्वतःच पुसला. फिल्म झाली, नावाजलीही गेली. वहिनी भोपाळलाच आहे.

ओरिजिनल ट्रॅक मी ओळखीच्या साउंडवाल्यांना ऐकवला. कुणी म्हणालं दुसरं रेकॉर्डिंग मिसळलं असेल. पण ती हे कधी बोललीच नव्हती, तर रेकॉर्ड कुठून होणार?

मागच्या महिन्यात भोपाळला गेले तेव्हा वहिनीलाही ऐकवला. तिने हेडफोन काढून माझ्या हातात दिले.

"मीच आहे," म्हणाली. "पुसून टाक आता."

माझ्याच्याने अजून तो पुसवला नाही.