अक्काचं माझ्या फोनवर येत नाही

हे मी कुणाजवळ बोललेलो नाही. पुण्याच्या मुलाजवळ नाही, कट्ट्यावरच्या मित्रांजवळ नाही. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मूर्तीसमोर डोळे मिटून बसतो तेव्हासुद्धा नाही — तिथं हे ओठांवर यायला लागलं की मी घाईनं दुसरंच काहीतरी मागतो आणि उठतो. बायको असती तर तिनं न सांगताच ओळखलं असतं. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुमच्याजवळ जमेल.

सुरुवात फोनपासून करतो. हसू येईल तुम्हाला. माणूस शहात्तर वर्षांचा, आणि कबुलीला बसला तर फोनचं काय सांगतोय?

सत्तरी लागली तेव्हा मुलानं आयफोन आणला. त्याआधी माझ्याकडे सगळ्यांसारखाच अँड्रॉइड होता. नव्या फोनच्या खोक्याचं झाकण सावकाश, श्वास सोडल्यासारखं वर आलं, ते अजून आठवतं. मी फोन खिशात घातला आणि संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या तालमीच्या कट्ट्यावर गेलो. तिथं आम्ही पाच-सहा निवृत्त माणसं बसतो. वस्तादांनी — जुने पैलवान, आता गुडघे गेलेले — फोन हातात घेऊन उलटासुलटा केला.

"मास्तर, माझा चार्जर बसतोय का ह्याला?"

"न्हाय बसत."

"माझ्यातलं गाणं ब्लूटूथनं घील का?"

"न्हाय घेत."

"म्हंजे सोवळ्यातला हाय म्हना की. दुसऱ्याच्या हातचं पानीबी चालत न्हाय."

"रोटीबेटी व्यवहार न्हाय त्यांच्यात," शेजारून कुणीतरी म्हणालं.

"आनि तुमचा ओ, वस्ताद?"

"आमचा म्हंजे धर्मशाळा. कुनीबी या, सतरंजी टाका, झोपा."

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना मला बरं वाटत होतं, आणि त्याचं कारण मी स्वतःलाही नीट सांगितलं नाही. जन्मभर हायस्कुलात फिजिक्स शिकवलं. दोन्ही फोनांच्या पोटात तीच वाळू, तेच तांबं, त्याच लहरी, हे मला कळत नव्हतं काय? लोक म्हणतात कॅमेरा, बॅटरी, सुरक्षितता. मीही तसंच म्हणायचो. खरं म्हणजे कुणाला कुठला फोन आवडतो त्यात तो माणूस दाराला कडी लावून बसणारा की दार उघडं टाकणारा, एवढंच असतं. वस्तादांना वाटतं, कुणीही यावं. मला वाटत नाही. कधीच वाटलं नाही.

आता अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. कागलच्या पुढं, हद्दीपलीकडच्या कानडी मुलखातल्या गावात दिलेली. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. तिची शाळा दुसरीत सुटली, कारण मी जन्मलो होतो आणि आई शेतावर जायची. मला कडेवर घ्यायला घरात कुणीतरी हवं होतं. ती मला तम्मा म्हणायची — कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं. सत्तरीतल्या माणसाला तम्मा म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

तिच्याकडे तिच्या मुलाचा, पारिसचा, जुना अँड्रॉइड होता. कोपऱ्यात काच तडकलेली, आवाज मात्र दणदणीत. घरातलं कुणीही उचलायचं, कुणीही बोलायचं, आणि तिला ते आवडायचं. लिहिता-वाचता येत नव्हतं. पण नातीनं, श्रुतीनं, तिला माईकचं चित्र दाबून धरून बोलायला शिकवलं. तेव्हापासून सुरू झालं. दिवसाला दहा, कधी पंधरा निरोप. प्रत्येकाची सुरुवात एकच — "ऊटा आतेन, तम्मा?" जेवलास का. मग म्हशीचं, सुनेचं, पावसाचं, कुणाच्या लग्नाचं. दर निरोप दोन-तीन मिनिटांचा.

मी कंटाळलो. साधा, रोजचा कंटाळा. त्यामागं दुसरं काही नव्हतं. एका सकाळी तिला फोन करून म्हणालो, "अक्का, तू माईक दाबून बोलतीस ते माझ्या फोनवर येत न्हाय. दोन्ही फोनांची जात येगळी हाय. त्यांच्यात रोटीबेटी न्हाय."



"फोनातबी असतंय व्हय असलं?"

"असतंय."

"मग ऱ्हाऊ दे बाबा. तुझा मोठा फोन हाय."

एवढंच. माझ्या शब्दावर तिनं कधी शंका घेतली नव्हती. घरात शिकलेला मी एकटा — आकाश निळं का दिसतं तेही तिला मीच सांगितलं होतं.

तीन दिवस शांतता होती. चौथ्या दिवशी दुपारी निरोप आला. चुकून बोट लागलं असेल म्हणून मी तो लावला.

"ऊटा आतेन, तम्मा? तुला ऐकू येत न्हाय ते बरं हाय. बोलाय बरं वाटतंय मला. हिरीत बोलल्यागत."

तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी तिला फोन केला नाही. दुसऱ्या दुपारी मी वाट पाहत होतो.

त्या दुपारी कशा सांगू. जेवण झालेलं असायचं. पंखा फिरत असायचा, आणि मी आडवा पडून फोन छातीवर ठेवायचो. मग तिचा आवाज माझ्या बरगड्यांतून यायचा — मागं मोटारपंपाची घरघर, मोर, दूर उसाच्या ट्रॅक्टरवरचं गाणं. मला अर्धवट झोप लागायची आणि ती बोलतच असायची. आमच्याकडच्या बायका बोलतात तसं, 'मी गेलो, मी बसलो' असं. आई गेली त्या दिवशी चुलीवर काय होतं, ते ती सांगायची. मला कडेवर घेऊन ती शाळेच्या खिडकीबाहेर उभी राहायची आणि आतले पाढे ऐकायची, हे मला कधीच माहीत नव्हतं. मला वाटतं सत्तावीसापर्यंत तिला येत होते. एका निरोपात तर ती काहीच बोलली नाही. नुसता श्वास होता, आणि कौलावर कुठलंतरी पाखरू.

तिचं बोलणं मला नको होतं, आणि आता मी ते चोरून पीत होतो. रविवारी फोनवर बोलायचो तेव्हा ती वेगळी असायची. "बरं हाय की. समदी बरी हाईत." मीही म्हणायचो, बरं आहे.

थांबा. मुख्य ते अजून राहिलंच आहे.

त्या पावसाळ्यात तिचा आवाज खाली उतरला. मी पोरांना ध्वनी शिकवलेला माणूस. तारेवर ताण बदलला की स्वर बदलतो, हे फळ्यावर किती वेळा काढलं असेन. आधी वाटलं सर्दी असेल. मग एका दुपारी तिनं सांगितलं. "भाकरी गळ्याखाली उतरंना झालीया, तम्मा. ताकात कालवून घेतो, तरी आडकतंय. सुनंला म्हटलंय, एकाशन धरलंय."

एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचं व्रत. आमच्या जैन घरांत चातुर्मासात म्हाताऱ्या बायका धरतात. कुणी विचारत नाही, का जेवत नाहीस. उलट मान देतात. पारिसनं मला कौतुकानं फोन केला — "मामा, आईनं ह्या वयात एकाशन धरलंय. गावात समदी नाव काढाय लागलीत." तिनं लपायला व्रताची जागा शोधली होती, आणि ते माहीत असलेला जगात एकच माणूस होता.

मी तेव्हाच पारिसला सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तर त्यानं विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं? मग अक्काला कळलं असतं की मी ऐकतो. सगळं ऐकलंय, आईचं, सुनेचं, पाढ्यांचं. आणि पहिलं ते खोटं. मला त्याची लाज वाटली. बहिणीच्या गळ्यात काहीतरी वाढत होतं आणि मला माझ्या मास्तरपणाची काळजी पडली होती.

काही दिवस मी स्वतःला सांगत राहिलो, तिलाच कुणाला कळू द्यायचं नाहीये. तिच्या इच्छेचा मान ठेवायला हवा. मग तो निरोप आला. मी तो दोनदा लावला.

"दवाखान्याला जाऊ, असं मला न्हाय म्हनता येत, तम्मा. आपनहून कसं सांगायचं, लेकाचा उसाचा हंगाम तोंडावर आलाय. पन कुनी हात धरून न्हेलं तर जाईन की मी."

पुढच्या रविवारी मी एस.टी.नं तिच्याकडे गेलो. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. कागलपर्यंत वाक्यं जुळवली. सुनेनं माझ्यासाठी शेवयांची खीर केली होती. अक्का भिंतीला टेकून माझ्यासमोर बसली. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

"तू न्हाय जेवत?" मी विचारलं.

"माझं एकाशन हाय की. झालंय सकाळी."

सून पदराला हात पुसत दारात उभी होती, अभिमानानं. हीच वेळ होती. हात पुढं करून उठ म्हणायचं होतं, आणि तेवढंच पुरलं असतं. त्यासाठी फोनचा विषयसुद्धा काढावा लागला नसता — हे मला आता कळतं? नाही. तेव्हाही कळत होतं.

मी म्हणालो, "एवढ्या वयात एवढं जमतंय, पुण्याई हाय."

अक्का माझ्याकडं बघत राहिली. 

"व्हय की," ती म्हणाली. "पुण्याई हाय."

मी खीर संपवली. दुसऱ्या दिवशी निरोप आला, त्यात फक्त "ऊटा आतेन, तम्मा?" एवढंच होतं. नंतरचे निरोप तसेच, लहान लहान. शेवटचे तर कुजबुजल्यासारखे, शब्द लागत नव्हते.

घरच्यांना कळलं ते ती पाणी गिळेना झाली तेव्हा. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. दिवाळी ओलांडली आणि ती गेली.

बस्तीच्या मांडवात शोकसभा झाली. लोकांनी मला बोलायला उभं केलं. मी तिच्या व्रताबद्दल बोललो. चांगलं बोललो, बायका रडल्या.

मग अक्काच्या घरी पुढच्या सोप्यात आम्ही बसलो होतो. पारिसच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. तो म्हणाला, "मामा, आमाला काय कळलंच न्हाय बघा. तुमच्यापाशी तरी काय बोलली हुती का?"

"न्हाय रे. तिचं माझ्या फोनवर येतच नव्हतं."

"येत होतं की, आजोबा."

श्रुती आतल्या दारात उभी होती. एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. रागानं बोलली नाही. चूक दुरुस्त करावी तसं बोलली. "आजीचे निरोप तुम्ही ऐकत होता. ऐकलं की माईकचं चित्र निळं होतं. आजी मला रोज बघायला सांगायची. निळं झालं की म्हणायची, तम्माला पोचलं, आता पूस. मी म्हटलं, आजी, आजोबांना येतंय की सगळं, मग ते खोटं का सांगतात? तर म्हणाली, असू दे. त्याला तसं वाटतंय तर वाटू दे."

निरोप वाचल्याची खूण दिसू नये म्हणून फोनमधली ती सोय मी केव्हाच बंद केली होती. आवाजाच्या निरोपाला ती लागू होत नाही, हे मला माहीत नव्हतं.

म्हणजे विहिरीत बोलल्यासारखं ती बोलत नव्हती. ती माझ्याशीच बोलत होती, पहिल्या दिवसापासून. मला लाजवायचं नाही म्हणून ऐकू येत नाही असं धरून बोलत होती. आणि हात धरून नेण्याचं ते तिनं हवेत सोडलेलं वाक्य नव्हतं. ते मला होतं.

सोप्यात सगळे माझ्याकडं बघत होते. अजूनही वेळ होती — अक्कासाठी नव्हती, त्या पोरीसाठी होती.

मी वर्गात सांगायचो त्या आवाजात सांगितलं, "बाळ, बोट लागलं तरी ते निळं होतं. निळं झालं म्हणजे ऐकलं असं नव्हे. मी उघडायचो, पण आवाज यायचा नाही."

पारिस तिच्यावर खेकसला. "आजोबांनी जन्मभर फिजिक्स शिकवलंय. तुला जास्त कळतंय व्हय त्यांच्यापेक्षा?"

श्रुती माझ्याकडं बघत होती. मी पाण्याच्या तांब्याकडं बघत होतो.

"न्हाय," ती म्हणाली, आणि आत गेली.

घरात आता असं धरलेलं आहे की आजीनं व्रत धरलं होतं, आणि नातीचा काहीतरी गैरसमज झाला. सणावाराला भेटते. वाकून नमस्कार करते, वर बघत नाही. मुलानं गेल्या वर्षी मला नवा फोन दिला, तोही त्याच जातीचा. जुन्यातलं सगळं त्यात आपोआप आलं. तिचे निरोपही आले.

श्रुती खरं बोलत होती. अक्कानं व्रत धरलेलं नव्हतं. तिचा प्रत्येक निरोप मी ऐकला होता, आणि हात धरून नेण्याचा दोनदा.