चावडीवर बंद केलेला आवाज

आदिलाबाद जिल्ह्यात तामसीकडच्या आमच्या गावात बायका चावडीची पायरी चढत नसत. सभेत काय ठरलं ते त्यांना नवऱ्याला जेवायला वाढताना कळे, तेही त्याला सांगावंसं वाटलं तर. मी पत्रकं वाचत वाढलो, समतेवर स्वतःही लिहिली. म्हणून आदिलाबादच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात आगपेटीएवढा बिनतारी माईक दिसला तेव्हा वाटलं, सापडलं! लहानशा बॅटरीवर चालायचा, आवाज जवळच्या रेडिओत ऐकू यायचा. जवळच्या म्हणजे चावडीमागच्या गल्लीपर्यंतच. आम्हाला तेवढंच हवं होतं.

गावाला एक हातपंप मंजूर झाला होता. पाणी भरणाऱ्या बायकांना तो गल्लीत हवा होता, सरपंचांना आपल्या गोठ्याजवळ. पहिल्या सभेत मी माईक सरपंचांपुढे ठेवला आणि रेडिओ गल्लीतल्या आमच्या घरी, काकूच्या ओसरीवर. बायकांनी शब्द न् शब्द ऐकला. सरपंच खूश. म्हणाले, "चांगलं केलं. आता बायाइले चावडीवर यायची गरजच नाही."

मी चडफडत घरी आलो, तर काकू माझ्यावरच उखडली. "नुसतं ऐकून काय लोणचं घालू? आमी त्या डब्यापुढं बोंबलून राह्यलो, तो ऐकते काय? पुढल्या खेपेले बोलायचं इकडं ठेव, ऐकायचं तिकडं."

तसंच केलं. ठरावाच्या सभेत चावडीवरच्या रेडिओतून काकू कडाडली, "पाणी आमी भरतो, त जागा आमीच सांगू!"

"या बातम्या कवा संपतीन गा?" एका म्हाताऱ्यानं विचारलं. सगळे हसले. सरपंचांनी हात लांबवून बटण पिरगाळलं. मी रेडिओ पुन्हा लावला, त्यांनी पुन्हा बंद केला. हात वर झाले. पंप गोठ्याजवळ.

मी धावत गल्लीत गेलो. काकू अजून बोलतच होती, माईक ओठांशी धरून, एकेका घरची अडचण सांगत. बाकीच्या माना डोलवत होत्या. तिकडं आवाज पोचत नाही हे इकडं कळायची सोयच त्या यंत्रात नव्हती.

"काय म्हणून राह्यले रे?"

"काकू, त्यांनी रेडिओ बंद केला. ठराव झाला."

तिनं माईक माझ्या हातात कोंबला, पदर खोचला. "चाल. मले बंद करून दाखव म्हणा."

जन्मात पहिल्यांदा काकू चावडीची पायरी चढली. वर सभेची सतरंजी गुंडाळून झाली होती.