बारा माणसांचा लॅपटॉप

हरेश्वरमास्तर लॅपटॉपला माणसांच्या नावाने हाका मारत. "जनू, जरा हलू," असं पडद्याकडे बघून म्हणत आणि क्लॅरिनेटचा आवाज कमी करत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच, बोईसरच्या आमच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत. ते पॅकिंगला होते, मी स्टोअरमध्ये. गृहस्थ जरा वेडसर असावा असं वाटलं, आणि त्या मताला मी पुढेही फारसा धक्का लागू दिला नाही.

जवळच समुद्रकाठी, नवापूरला, त्यांचा लग्नात वाजवणारा बँड होता. बारा माणसं, बहुतेक बोटीवर जाणारी. गाणी मास्तर बसवत. पूर्वी हाताने लिहीत, मग मुलीने त्यांना संगीत लिहायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात प्रत्येक वाद्याची ओळ लिहायची, ओळीला आवाज नेमून द्यायचा, आणि बटण दाबलं की सगळ्या ओळी एकदम वाजतात. मास्तरांनी ओळींना वाद्यांची नावं दिलीच नाहीत. जनू, दामू, पांडू अशी दिली. दामू आधी ट्रम्पेट वाजवी आणि कडव्याला खुळखुळा घेई, म्हणून त्याच्या एकाच ओळीला दोन आवाज. आवाज बदलतो तिथे मास्तर थोडी जागा रिकामी सोडत. मशीनला त्याची गरज नाही, असं मी शहाणपणाने सांगितलं.

"मशीनला नसंल. दामूनं ट्रम्पेट ठेवायचा कुटं? डोक्यावर?"

एकदा तारापूरचे एक गृहस्थ मुलीच्या लग्नासाठी बँड ठरवायला आले. रविवार होता, मीही मास्तरांच्या ओटीवर चहा पीत बसलो होतो. मास्तरांनी मोठ्या हौसेने नवं गाणं लॅपटॉपवर ऐकवलं. पाहुण्यांनी शेवटपर्यंत मान डोलावली आणि म्हणाले, "मास्तर, मंग बारा मानसं कशाला? तुमी एकलेच या हे घेऊन. स्पीकर आमचा. बिदागी सगळी तुमालाच."

मास्तरांनी लॅपटॉप पुढे ओढला. एकेका ओळीवर जाऊन त्यांनी आवाज बदलायला घेतले. जनूला पियानो, दामूला पियानो, पांडूच्या ढोलालाही पियानो. सगळं बदलून झाल्यावर बटण दाबलं. पत्र्यावर चिंचा पडाव्यात तसं काहीतरी वाजलं.

"ह्याचं एवडंच," मास्तर म्हणाले. "बाकीची मानसं हायत. पायजेत तर सांगा."

पाहुणे उठले. त्यांनी डीजे ठरवला.

संध्याकाळी जनू तणतणत आला. मास्तरांचा तो लहानपणापासूनचा सोबती. त्या हंगामात मासळी नव्हती आणि त्याचं घर लग्नांवरच चाललं होतं.

"लगीन घालवलंस, मास्तर!"

"लगीन गेलं. तू रायलास ना?"

जनूला ते पटलं नाही. मलाही नाही. एकट्याने जाऊन बिदागी सगळ्यांत वाटली असती तर काय बिघडलं असतं, असं मी विचारलं.

"आज वाटीन," मास्तर म्हणाले. "पन उद्या ह्यांना बोलवील कोन?"

तेव्हापासून ते गिऱ्हाइकाला पियानोच ऐकवत. कामं आणखी कमी झाली. दामू सालवडला खोली घेऊन कंपनीत लागला. बँड मात्र मोडला नाही, कसाबसा चालत राहिला, आणि मास्तर बरोबर होते की हट्टी, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर गेले, कामावरून घरी येताना, छातीत कळ येऊन. मी नवापूरला पोचलो तेव्हा बँड दारात उभा होता. दामूही पाळी सोडून आला होता. अंत्ययात्रेत मास्तरांनी बसवलेलंच वाजवायचं असं ठरलं. सुरुवात क्लॅरिनेटची होती. जनूने वाद्य ओठांना लावलं, एक चिरका सूर निघाला आणि तुटला. त्याने पुन्हा लावलं, पुन्हा तेच. रडणाऱ्या माणसाला ओठ आवळता येत नाहीत. मलाही तिथे उभं राहवेना. शेवटी बाकीच्यांनी त्याची ओळ तशीच रिकामी सोडून वाजवायला सुरुवात केली, आणि जनू मुका क्लॅरिनेट हातात धरून सगळ्यांच्या पुढे, आपल्या नेहमीच्या जागी चालत राहिला.