पाच जाड, तीन बारकी

बहिणीच्या मुलाने पुण्याहून खोकं पाठवलं, त्यात एकाच कथेची आठ पुस्तकं निघाली. पाच जाड आणि तीन बारकी. जाड पुस्तकांत मुख्य कथा होती: दरवर्षी जागा बदलणारा डोंगर, त्याच्या पायथ्याचं राज्य, गादीसाठी भांडणारे दोन भाऊ आणि धुक्यातून होडी वल्हवणारी एक म्हातारी नावाडीण. बारक्या तिन्हींत याच लोकांच्या बाजूबाजूच्या गोष्टी. एकात नावाडिणीचं तरुणपण, दुसऱ्यात धाकट्या भावाने दगा का दिला ते, तिसऱ्यात लढाई संपल्यावर दोन शिपाई घरी कसे गेले ते. कुठलं आधी वाचायचं ते मात्र पोराने लिहिलंच नव्हतं. फोन केला तर म्हणाला, "मावशी, यावरून नेटवर लोक एकमेकांना शिव्या देतात. तुझं तू ठरव."

ठरव म्हटलं की मला अंगात बळ येतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ठरवणं हा माझा गुण आहे, घरचे त्याला दुसरं काहीतरी म्हणतात.

शाळा तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर. मी आणि माझी एक मैत्रीण, दोघी तिथे मास्तरणी, आणि राहायला दोघी शहाद्यात. सकाळी ठरलेल्या जीपने वर, संध्याकाळी त्याच जीपने खाली. जीपवाला दादा ब्राह्मणपुरीचा. आठ वर्षांत आमचे बोलायचे विषय संपले होते. सासर झालं, माहेर झालं, मुख्याध्यापक तर दोनदा झाले. म्हणून मी जीपमध्ये मोठ्याने वाचायचं ठरवलं. मैत्रीण डोळे मिटून ऐकायची, कारण तिला गाडी लागते. घाट सुरू झाला की मी पुस्तक मिटायचे, कारण मलाही लागते.

क्रमाबद्दल माझं म्हणणं सरळ होतं. ज्या क्रमाने छापली त्या क्रमाने वाचायची, छापणारे काही वेडे नसतात. मैत्रीण इतिहास शिकवते. तिचं म्हणणं, जे आधी घडलं ते आधी वाचायचं, म्हणजे नावाडिणीचं तरुणपण सगळ्यांत पहिलं. मी म्हटलं, अगं, म्हातारी कोण हे आधीच कळलं तर पहिल्या भागात राहिलं काय? तिने डोळे न उघडता मान हलवली. ती वाद घालत नाही, नुसती मान हलवते, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

अर्थात मी पहिला जाड भाग सुरू केला. तिसऱ्या दिवशी धुक्यातून नावाडीण आली, राजाला पलीकडे सोडून एक शब्द न बोलता निघून गेली. दादाने जीप बाजूला घेऊन थांबवली.

"मॅडम, हाई बाई कोन शे? कोनता गावनी शे?"

"ते पुढे कळेल," मी म्हटलं.

"पुढे कसाले? आपला आठे नवी सून उनी ते पहिले हाईच इचारतस."

नवी सून आली की आधी तिचं गावच विचारतात, हे खरंच होतं. आमच्याकडे स्टॅंडवर दोन अनोळखी माणसं शेजारी बसली तरी पाच मिनिटांत एकमेकांच्या आत्याच्या दिरापर्यंत पोचतात. रहस्य नावाची वस्तू आमच्या भागात टिकत नाही. मैत्रीण डोळे मिटूनच हसत होती. शेवटी तह झाला की दोन जाड झाल्यावर एक बारकं घ्यायचं, आणि ते नावाडिणीचं असेल.

दुसरा भाग संपत आला आणि बदल्यांचे अर्ज सुरू झाले. मैत्रिणीची अवघड भागातली वर्षं भरलेली होती, त्यामुळे ती खाली सपाटीवर जाणार असं सगळी शाळा धरून चालली होती. माझीही भरलेली होती, पण माझा प्रश्नच नव्हता. मी दरवर्षी अर्ज भरायचे आणि दरवर्षी माझा नंबर लागायचा नाही. यंदा तर अर्ज नवऱ्यानेच भरला, मी भाजी चिरता चिरता त्याला ओटीपी सांगितला आणि विसरून गेले.

ती जाणार म्हटल्यावर जीपमध्ये मी एकटीच उरणार होते. पण रडत बसणं माझ्या स्वभावात नाही, मी वेळापत्रक केलं. ती जायच्या आत पाचवा भाग संपला पाहिजे. शेवट ऐकल्याशिवाय तिने जाणं मला सहन झालं नसतं. बारक्या तिघांना मी रजेवर पाठवलं.

"ताई, माले घाई नही शे," मैत्रीण म्हणाली.

"तुला नसेल, बदलीला आहे."

मग मी सुटले. सूर्यास्ताची वर्णनं गाळली, गाणी गाळली, मेजवान्या गाळल्या. एक अख्खी लढाई दोन गतिरोधकांच्या मध्ये उरकली. घाटातल्या पहिल्या तीन वळणांवरही वाचायला लागले आणि चौथ्या वळणावर दादाला गाडी थांबवावी लागली. मी तोंड धुतलं आणि पुढचं पान काढलं. मैत्रिणीने आणखी दोनदा सांगितलं की तिला घाई नाही. मी दोन्ही वेळा हाताने तिला गप्प केलं.

पाचवा भाग वेळेत संपला. धाकट्या भावाने थोरल्याला दगा दिला, डोंगर हलला, राज्य वाचलं. मी पुस्तक मिटून दोघांकडे पाहिलं.

"धाकलाने आसं कसाले करं?" दादा म्हणाला.

"ते बारक्या पुस्तकात आहे."

त्याने समोर काही नसताना दोनदा हॉर्न वाजवला.

यादी आली ती शाळेतच, मोबाईलवर. मी तिचं नाव शोधत होते आणि सापडलं माझं. धानोऱ्याकडची सपाटीवरची शाळा. आठ वर्षं मागत होते ती जागा. मी यादी पुन्हा वर नेली, खाली आणली. तिचं नाव कुठेच नव्हतं.

"तुझं कसं नाही?"

"मी फारम भरंच नही," ती म्हणाली. "माले आठेच ऱ्हावानं शे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुले तीनदा सांगं, घाई नही शे."

तिला पाड्यावरच्या पोरांची बोली यायला लागली होती. पोरं घरची भांडणं तिला येऊन सांगायची. तिला तिथेच राहायचं होतं, हे आठ वर्षं शेजारी बसून मला कळलं नव्हतं. कळणार कसं, बोलत मी होते. मला अतिशय वाईट वाटलं आणि त्याहून जास्त लाज वाटली.

शेवटच्या दिवशी परत येताना मी तिन्ही बारकी पुस्तकं तिच्या हातात ठेवली. म्हटलं, घे, तुझ्या क्रमाने वाच.

"एकली वाचीसन काय करू?" ती म्हणाली, आणि त्यातलं एक काढून माझ्या मांडीवर ठेवलं. दोन शिपायांचं.

"हे तर कुठल्याही क्रमाने शेवटचंच आहे."

"माले माहीत शे. वाच."

जीप घाट उतरत होती. मी वाचायला लागले. शिपाई पहिल्याच पानावर वाटेवरून भांडायला लागतात. एक म्हणतो नदीकडून जाऊ, दुसरा म्हणतो टेकडीवरून, आणि भांडण मिटत नाही तोवर दोघेही हलत नाहीत. तीन पानं तेच.

"हाई ते तुम्हनंच शे," दादा पुढून म्हणाला.

मला हसू आलं आणि हसता हसता एकदम रडू आलं, इतकं की अक्षरं दिसेनात. गाडी लागल्याचं निमित्त करून मी खिडकीकडे तोंड केलं. मैत्रिणीने पुस्तक माझ्या हातातून घेतलं. तिने आजवर जीपमध्ये कधी एक ओळ वाचली नव्हती. ती वाचायला लागली, हळूहळू, एकेक शब्द लावून, झाडांची आणि दगडांची वर्णनंसुद्धा न गाळता. प्रत्येक वळणावर थांबायची, डोळे मिटायची, मळमळ ओसरली की पुन्हा तिथूनच धरायची. शहादा आलं तेव्हा शिपाई जेमतेम भांडण मिटवून उठले होते. दादाने जीप माझ्या दाराशी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही. मी खाली उतरले नाही आणि तिला लवकर वाच असंही म्हटलं नाही.