सहा चेपलेले फ्लोट

कार्ले खिंडीच्या दुसऱ्या वळणावर जीप बंद पडली. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास. दामूकाकांनी हँडब्रेक ओढला.

"तुजा बाबा होता तवाबी हितंच बंद पडायची," ते म्हणाले.

काका बाबांचे दोस्त. त्यांची मिठागरं होती, पुढे त्यांनी ट्रक घेतले. ही जीप त्यांनी आणि माझ्या बाबांनी मिळून उभी केली. भंगारातला एक सुपरचार्जर आणून बाबांनी तिच्यावर बसवला. ती न थांबता खिंड चढावी, एवढाच दोघांचा हट्ट. बाबा गेले आणि जीप शेडमध्ये राहिली. आता काकांचा मुलगा सुनील ती रविवारी भंगारात देणार होता. "खिंड चढली तर ठेवू," एवढं त्याने कबूल केलं होतं. तो दिवस शुक्रवार.

सुपरचार्जर म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा हवेचा पंप. तो कार्बोरेटरमधून, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागातून, इंजिनात हवा कोंबतो. साधा कार्बोरेटर इंजिनने ओढलेल्या हवेसाठी बनवलेला असतो, कोंबलेल्या हवेसाठी नाही. म्हणून त्यात बदल करावे लागतात. पेट्रोल साठतं त्या वाटीलाही नळी टाकून तोच दाब द्यायचा, नाहीतर पेट्रोल वर येत नाही. पेट्रोलचा पंप जोरकस घ्यायचा, पेट्रोल सोडणारी भोकं, म्हणजे जेट, मोठे टाकायचे. बाबांनी हे सगळं नीट केलं होतं. मी दोनदा तपासलं.

जीप टो करून किहीम फाट्यावरच्या आमच्या, आता मीच चालवते त्या गॅरेजला आणली आणि कार्बोरेटर उघडला. वाटीत फ्लोट असतो, पितळेचा पोकळ डबा. तो तरंगत वर आला की पेट्रोल बंद होतं, घरच्या पाण्याच्या टाकीसारखंच. हा फ्लोट एका बाजूने चेपला होता. चेपलेला फ्लोट नीट तरंगत नाही. पेट्रोल वाहत राहतं आणि इंजिन गुदमरतं.

मला फळीवरचा एक डबा आठवला. झाकणावर बाबांच्या अक्षरात 'खराब माल'. आत सहा फ्लोट. पेणचा दुकानदार नकली माल देतो म्हणून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. मी सहाही ओळीने मांडले. सगळे एकाच जागी चेपलेले.

माल चांगला होता. बाबांनी वाटीला दिलेल्या दाबानेच ते चेपत होते. हे मला बाबांना सांगायचं होतं. त्यांनी ऐकलं नसतं, भांडले असते. तेही चाललं असतं.

"बुचाचा फ्लोट कर," काका म्हणाले. "तुजा बाबा करायचा, लाख लावून."

"काका, तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल नव्हतं. आता लाख विरघळेल."

"म्हंजे आमचा काय बी चालत न्हाय आता."

मी नवा फ्लोट घेतला. सांध्यावरचा कथलाचा डाग तापवून उघडला, आत दाब सोसायला पितळेचे दोन बारीक टेकू लावले, परत डाग दिला. गरम पाण्यात बुडवला. बुडबुडा आला नाही, म्हणजे गळती नाही. वजन थोडं वाढलं, म्हणून त्याची पट्टी वाकवून पेट्रोलची पातळी जुळवली.

रविवारी सुनील मागे बसला. मी डावीकडे, बाबांच्या जागेवर. दुसरं वळण गेलं. सुपरचार्जरची शीळ चढत गेली आणि आम्ही वर पोचलो.

काकांनी जीप कडेला घेतली, पण इंजिन चालू ठेवलं.

"पप्पा, बंद करा ना."

"ऱ्हाव दे जरा."

सुनीलने मला विचारलं, "ताई, मायलेज किती देईल?"

"ते विचारू नकोस."

जीप राहिली. सोमवारी मी पेणला गेले आणि दुकानदाराला सांगितलं, तुमचा माल चांगला होता. त्यांनी चष्मा काढून पुसला. "एवढ्यासाठी आलीस? तुझा बाबा स्वतः आला असता तर चहा पाजला असता," म्हणाले. मग मलाच पाजला.

पार्ट एकदा बिघडला तर पार्ट खराब असू शकतो. सहा वेळा तसाच बिघडला तर आपलं काम तपासावं.

डबा फळीवरच आहे. झाकणावरचं खोटं आहे, पण खोडलेलं नाही. अक्षर बाबांचं आहे.