हेदवीची विराट सभा

जयगडच्या खाडीत बोट थांबली आणि पडावात (उतारूंना किनाऱ्यावर नेणाऱ्या मोठ्या होडीत) उतरताना माझी एक चप्पल समुद्रात पडली. उरलेली हातात घेऊन मी तरीने (खाडीपार नेणाऱ्या होडीने) तवसाळला आलो आणि तिथून बैलगाडीने हेदवीला, बहिणीच्या घरी पोचलो.

पान वाढता वाढताच दाजी, म्हणजे बहिणीचे यजमान, म्हणाले, “कुळथाचं पिठलं गरम आहे तोवर जेवून घ्या. बापूसाहेबांची सभा आहे.”

निवडणुकीचे दिवस होते. बापूसाहेब मुंबईचे बॅरिस्टर. मांडवात मूठभर माणसं होती आणि साहेबांचा घसा बसलेला. “बंधूंनो” एवढंच उमटलं. मग खोकला, मग नमस्कार, की साहेब मोटारीत.

“ह्यांना बोलताच येत नाही,” परतताना दाजी म्हणाले. “त्यापेक्षा आपले मास्तर बरे.” मास्तर विरुद्ध बाजूचे उमेदवार. गावातल्या विहिरीसाठी वर्षानुवर्षं पायपीट केलेला माणूस.

काही दिवसांनी टपालाने मुंबईचा पेपर आला. दाजींनी खळ्यात (अंगणात) शेजारी जमवून मोठ्यानं वाचलं, “हेदवीत विराट सभा! बापूसाहेबांची सिंहगर्जना!”

“दाजी, आपण होतो की तिथं!”

“आपण पुढे बसलेलो. मागे केवढी गर्दी होती, कुणी पाहिलं?”

“आणि गर्जना?”

“मला डाव्या कानाने कमीच ऐकू येतं,” दाजी गंभीरपणे म्हणाले.

मास्तरांबद्दल पेपरात अवाक्षर नव्हतं. त्यावरून शेजाऱ्यांनी ठरवलं, मास्तरांनी अर्ज मागे घेतला. तेवढ्यात मास्तरच आले, गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले.

“मास्तर, तुम्ही बसलात ना?”

“उभा आहे की! हा काय, तुमच्यापुढे.”

“पण पेपरात नाही हो,” दाजी हळहळले.

मास्तर हसले. बहिणीने त्यांना तांब्याभर पाणी दिलं, त्यांच्याच विहिरीचं. ते पिऊन पुढच्या वाडीकडे निघाले.

निकाल लागला. मास्तर पडले, हेदवीतसुद्धा. मला पोचवायला आलेल्या दाजींना मी विचारलंच, “मत कुणाला दिलंत?”

“बापूसाहेबांना. ते हरले असते तर पुन्हा इकडे फिरकलेच नसते. मास्तर काय, पडले तरी येणारच.”

दाजी खोटं बोलत नव्हते, म्हणूनच बोटीवर मला अन्न गोड लागेना. जो हमखास येणार, त्याला बोलावण्याची गरज कुणालाच वाटली नव्हती.

मुंबईत चाळीतल्यांनी विचारलं, “काय, आमच्या बापूसाहेबांना पाहिलंस?” मी मास्तरांविषयी सांगू लागलो.

“कोण मास्तर?” ते म्हणाले.