अख्ख्या वर्गाची एकच म्हैस

हसायचं नाही, एवढं आधी कबूल करा. आणि हातातला चहा संपवून घ्या. मागच्या वेळी हे ऐकता ऐकता आमच्या साडूंच्या नाकातून चहा आला होता.

माझी जी फजिती झाली ना, ती दुसऱ्या कुणी केलेली नाही. मीच मंडप घातला, मीच पाहुणे बोलावले आणि मधोमध उघडाही मीच पडलो. आणि कशामुळं? तर एका म्हशीमुळं! म्हशीचा तरी काय दोष म्हणा. तिनं पेंड खाल्ली, शेण मी खाल्लं.

मी मराठीचा मास्तर. देवगाव फाट्यावरून आत वळलं की एक गाव लागतं, तिथल्या जिल्हा परिषदेच्या प्रशालेत. गावाचं नाव विचारू नका, मला अजून तिथं तोंड दाखवायचंय. बिऱ्हाड माझं सेलूत. रोज मोटारसायकल काढायची, घंटेला पोचायचं आणि शाळा सुटली की धूळ खात परत. नियम असा की शिक्षकानं शाळेच्या गावातच राहायचं. मग मी राहायचो की! कागदावर राहायचो. बापूराव म्हणून एक पालक आहेत, त्यांच्या घरामागची खोली माझ्या नावावर दाखवली होती. ती खोली मी कधी डोळ्यानं पाहिली नव्हती, पण राहायचो मात्र तिथंच. सगळेच राहतात हो असे, मी काय एकटा होतो?

तर त्या वर्षी मला आदर्श शिक्षक व्हायचं होतं.

पुरस्काराची फाइल तयार होती. झाड लावताना फोटो, तेच झाड दुसऱ्या बाजूनं लावताना फोटो, सगळं होतं. फक्त एक नवोपक्रम कमी पडत होता. आमचे हेडसर म्हणाले, "सध्या कॉपीमुक्तीची लय हवा हाय. त्यात कायतरी करून टाका."

विषय तसा जिव्हाळ्याचाच. आमच्या वर्गात 'माझे बाबा' हा निबंध दिला की अख्ख्या वर्गाचे बाबा बँकेत मॅनेजर! गावात बँक नाही. सगळे बाबा संध्याकाळी मुलांना बागेत फिरायला नेणारे. गावात बागही नाही. गाईडमध्ये जे आहे ते वहीत! आणि आता तर गाईडचीही गरज उरली नाही, मोबाइलला विचारलं की तो निबंध काढून देतो. एका पठ्ठ्यानं तर 'हा निबंध आणखी लहान करून देऊ का?' हे मोबाइलचं शेवटचं वाक्यसुद्धा सुवाच्य अक्षरात उतरवून आणलं होतं.

मग मी उपक्रम काढला: 'माझा अनुभव, माझे शब्द'. नाव छान आहे ना? शिक्षकांच्या एका ग्रुपवर आयतंच सापडलं. घोषवाक्य, शपथ, अहवालाचा नमुना, सगळं तयार. मी फक्त तिकडच्या सरांचं नाव खोडून माझं घातलं. चांगलं काम पसरायला नको का?

शपथ मात्र घाईत वाचली. मैदानावर सगळी शाळा उभी. मी माईकवर ठणकावून म्हणालो, "मी, येथे आपले नाव घालावे, अशी शपथ घेतो की..." आणि पाचवीपासून दहावीपर्यंत सगळी पोरं एका सुरात ओरडली, "मी, येथे आपले नाव घालावे!"

असो. मंगळवारी दहावीचा निबंध लावला. अंतर्गत गुण त्यावरच द्यायचे, असं जाहीर केलं. मोबाइल गोळा केले, गाईडं जप्त केली, बाकं लांब लांब सरकवली. विषय दिला: 'मी डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग'.

पोरं सकाळपासूनच उगाच खिदळत होती. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हशीसारखं रेकलं. मी खडू भिरकावला. "वर्गात म्हैस आणायची नाही!" म्हणालो. तर पोरं पोट धरून हसायला लागली. मला वाटलं, काय आगाऊ पिढी आहे.

पण लिहायला बसली आणि काय सांगू! मान वर नाही. शीतल म्हणून एक मुलगी आहे, बापूरावांचीच. एरवी अर्ध्या पानाच्या पुढं जायची नाही. त्या दिवशी तिनं पुरवणी मागितली! मी मनातल्या मनात पुरस्काराची शाल खांद्यावर नीट करून घेतली.

घरी येऊन तपासायला बसलो. पहिला निबंध: बापूकाकांची म्हैस कडब्याच्या खोलीत शिरली, पेंडीचं पोतं फस्त केलं, पोट फुगलं आणि दारातून बाहेर निघेना. वा, मजेशीर आहे. दुसरा घेतला. म्हैस, खोली, पेंड. तिसरा. म्हैस! चौथा, पाचवा, सहावा. म्हैस, म्हैस, म्हैस!

अबाबाबा! माझं डोकं सटकलं. प्रत्येक निबंधात सरपंच म्हणतात, 'आधी पंचनामा करा.' प्रत्येक निबंधात दाराला तेल लावतात. आणि गंगाराम नाना नावाचा म्हातारा प्रत्येकात तेच वाक्य बोलतो, 'आरं, ही म्हैस हाय का ट्रॅक्टर!' शब्द न शब्द तोच. हे काय आपोआप झालं?

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, खरंच झालं असंल."

"हे बघ, तू भाकरी कर. माझ्या विषयात मला शिकवू नकोस," मी म्हणालो. हे वाक्य तिनं नीट जपून ठेवलंय. महिन्यातून एकदा तरी बाहेर काढते.

दुसऱ्या दिवशी वर्गात निबंध आपटले. "कुठून चोरलं हे? कुठल्या पुस्तकातून? गावातली नावं घुसडली म्हणजे मला कळणार नाही का?"

"सर, खरंच झालं हाय ते!" सगळे एकदम.

"चोरी ती चोरी, वर आणि सगळ्यांचं एकच खोटं! सगळ्यांना शून्य!"

शीतल उभी राहिली. डोळ्यात पाणी, पण आवाज खणखणीत. "सर, म्हैस आमचीच हाय. मी पहिल्यांदाच माझ्या मनानं लिवलं. आता पुन्हा बँकेतलेच बाबा लिवू का?"

तुम्हीच सांगा, इथं तरी थांबायचं की नाही माणसानं? पण माझ्या डोक्यात शाल होती ना! मला काय सुचलं माहितीये? ही सामूहिक कॉपी मी अधिकाऱ्यांसमोर उघडी पाडली, तर पुरस्कार तालुक्याचा नाही, जिल्ह्याचा मिळेल. मी पंचायत समितीत फोन लावला. शनिवारी विस्तार अधिकारी मॅडम येणार, असं ठरलं. पालकांना निरोप धाडले. हेडसर म्हणाले, "सर, जरा चौकशी केली असती तर?" मी म्हणालो, "सर, पुरावा माझ्या हातात आहे."

शनिवारी मंडप, खुर्च्या, सगळं. मॅडम आल्या. चष्मा, कमी बोलणं, हातात माझीच फाइल. मी तडफेनं तीन निबंध वाचून दाखवले. नानाचं वाक्य आलं की पालक हसायचे. मला वाटायचं, माझ्या वाचनाला दाद मिळतेय.

"तर मॅडम, अशी ही चोरी!" मी समारोप केला. "सगळ्यांना शून्य दिलंय. आपण शिक्कामोर्तब करावं."

पालकांत कुजबुज सुरू झाली. पांढऱ्या मिश्यांचे एक आजोबा उठले. "ओ सर, ते गंगाराम नाना म्हंजी मीच की! मी बोललो होतो तसं. सोमवारी, शाळा सुटल्यावर. अख्खं गाव होतं तिथं!"

"बिलकुल!" सरपंच म्हणाले. "अन् पंचनाम्याचं मी म्हणलो होतो. कामून, चुकलं का?"

सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली. पण माघार घेणारा मी नव्हे. "असं तोंडी काय कुणीही सांगेल! कुठं आहे ती खोली? दाखवा!"

होय, हे मीच म्हणालो. भर सभेत. 'दाखवा!'

आणि निघाली की वरात! पुढं मॅडम, त्यांच्यामागं मी, मागं पोरं, पालक आणि वाटेत सामील झालेलं उरलेलं गाव. बापूरावांचं घर आलं. ते मला सारखे डोळ्यानं खुणावत होते. मला कळेना, यांना झालंय तरी काय. घराला वळसा घालून आम्ही मागं गेलो.

तिथं खोली होती. म्हणजे तीन भिंती आणि चौथीला भलंमोठं भगदाड. दाराची चौकट उपटून बाजूला टेकवलेली. आत कडबा. आणि बाहेर खुंट्याला चंद्री नावाची ती म्हैस शांतपणे रवंथ करत उभी.

"चौकट काढली तवा निघाली बघा!" नाना कौतुकानं म्हणाले.

मॅडमनी खोलीकडं पाहिलं. मग बापूरावांकडं पाहिलं. मग हातातली फाइल उघडली. आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, 'बापूरावांच्या घरामागील खोली'... या पत्त्यावर तर तुम्ही राहता ना?"

मी भगदाडाकडं पाहिलं. म्हणजे, ही माझी खोली? मी इथं राहतो?

बापूराव भला माणूस. मला वाचवायला धावले. "हौ मॅडम! सर इथंच राहतेत. लय दिवस झाले."

"सोमवारी संध्याकाळी म्हैस आत शिरली, तेव्हा सर कुठं होते?"

"आतच होते की!" बापूराव म्हणाले.

"म्हशीबरोबर?"

बापूराव अडखळले. "हां... म्हंजी कोपऱ्यात होते. कडब्याच्या पलीकडं."

पोरांची फिसफिस सुरू झाली. मॅडमनी गठ्ठ्यातले चार-दोन निबंध चाळले. "या एकाही निबंधात सरांचं नाव नाही. म्हैस आहे, सरपंच आहेत, नाना आहेत. सर आत अडकले होते आणि एवढ्या गावात कुणाला दिसले नाहीत?"

"अप्पा, कामून खोटं सांगायलात?" शीतल बापाला म्हणाली. "सर असते तर मी लिवलं नसतं का?"

बापूरावांनी मान खाली घातली. मॅडमनी चष्मा काढला आणि माझ्याकडं वळल्या. "आता तुम्हीच ठरवा सर. निबंध खरे, की तुम्ही खरे?"

बघा आता कसा अडकलो होतो! निबंध खोटे म्हणावं, तर मी खोलीत राहणारा इमानदार माणूस, फाइल शाबूत, शाल शाबूत. आणि पोरांना शून्य. निबंध खरे म्हणावं, तर पोरं सुटली आणि मी भगदाडात! चंद्री दारातून निघत नव्हती, तशी माझी जीभ तोंडातून निघेना.

तेवढ्यात शीतलकडं नजर गेली. ती माझ्याकडंच बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहिलं आणि मी तिला शून्य दिलं होतं. लाज वाटली हो. खरंच लाज वाटली.

"निबंध खरे आहेत," मी म्हणालो. "मी सेलूत होतो."

मग गंगाराम नानांनी खोलीकडं बघत मोठ्यानं सुस्कारा सोडला. "म्हंजी ह्या खोलीत खरा मुक्काम फकस्त म्हशीनंच केला म्हणा की!"

झालं. तिथून पुढचं मला नीट आठवत नाही, हसण्याचा आवाज तेवढा आठवतो. मॅडमसुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. फाइल जशी आली तशी परत गेली. गावात राहतो म्हणून पगारात मिळणारं घरभाडं बंद झालं. शून्यं खोडून मी सगळ्यांना चांगले गुण दिले, शीतलला सगळ्यात जास्त. आणि मॅडमनी जाता जाता हुकूम दिला की पुढच्या महिन्यापासून सर खरोखर याच खोलीत राहतील.

राहतोय. भिंत बांधून घेतली, चौकट बसवली. पेंडीचा वास मात्र काही केल्या जात नाही. बायको सेलूतच. "तुमच्या विषयात तुम्ही बघा," म्हणते. चंद्री खिडकीबाहेर बांधलेली असते. पहाटे ती रेकली की मी उठतो, घड्याळाची गरज पडत नाही.

शेवटच्या चाचणीला मी पुन्हा तोच विषय दिला, 'मी डोळ्यांनी पाहिलेला प्रसंग'. खोलीत बसून गठ्ठा सोडला. पहिला निबंध: एक सर वरात घेऊन स्वतःचीच खोली बघायला निघाले. दुसरा, तोच. तिसरा, तोच. सगळ्यांत मॅडम म्हणतात, 'निबंध खरे, की तुम्ही खरे?' सगळ्यांत नानांचं वाक्य, शब्द न शब्द तेच. अख्ख्या वर्गाचा एकच निबंध! बाहेर चंद्री रवंथ करत होती.

काय करणार? लाल पेन काढला, सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले आणि प्रत्येकाच्या खाली एकच शेरा मारला: 'प्रसंग खरा आहे. यावेळी मी स्वतः हजर होतो.'